दावा सुरू होतो तो कोणत्या दिवशी?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या समाजात इतकी रुजली आहे की, ज्याला ती पायरी चढण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही, अशा माणसाचे पाऊलही अखेरच्या दिवसापर्यंत अडखळत राहते. प्रथम तो नातेवाइकांना मध्ये घालतो, मग चार वडीलधाऱ्या माणसांपुढे गाऱ्हाणे मांडतो, मग वकिलांमार्फत नोटीस धाडतो आणि तिच्या उत्तराची वाट पाहत बसतो. या सर्व काळात भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने निमूटपणे उलटत असतात. शेवटी एके दिवशी तो न्यायालयाच्या दारात उभा राहतो, तेव्हा आपले म्हणणे खरे की खोटे हे आता पाहिले जाईल, अशी त्याची समजूत असते. परंतु न्यायालयाला त्याआधी दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर हवे असते : तुम्ही ही पायरी चढलात ती कोणत्या तारखेला?

हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी त्याच्या उत्तरावर माणसाची आयुष्यभराची पुंजी अवलंबून असू शकते. एक उदाहरण घेऊ. एका माध्यमिक शाळेतील लिपिकाने आपल्या परिचितास दीड लाख रुपये हातउसने दिले, अशी कल्पना करावी. व्यवहार १४ जून २०२२ चा. लिखाण म्हणजे एक साधी चिठ्ठी. परतफेडीची तारीख ठरलेली नाही. अशा पैशाच्या वसुलीसाठी कर्ज दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. पैसे दिले तो दिवस हिशेबात धरावयाचा नसतो, म्हणून मुदतीचा अखेरचा दिवस १४ जून २०२५ हा येतो. तो महिन्यातील दुसरा शनिवार होता आणि त्यापुढचा दिवस रविवार. न्यायालय बंद असताना मुदत संपली, तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, अशी कायद्याची सवलत आहे. तिचा आधार घेऊन आपला लिपिक सोमवारी, १६ जूनला, वकिलांसमवेत जाऊन वादपत्र देतो. कोर्ट फी थोडी कमी पडली आहे, एका कागदाची प्रत नीट वाचता येत नाही, असे आक्षेप निघतात. ते दूर होऊन दाव्याला नंबर पडतो ३० जूनला. समन्स काढण्याचा हुकूम होतो जुलैत, आणि बेलीफ ते प्रतिवादीच्या हाती देतो ऑगस्टमध्ये.

आता हा दावा सुरू झाला कधी? वकिलांनी नोटीस दिली तेव्हा, वादपत्र खिडकीवर दिले तेव्हा, नंबर पडला तेव्हा, की प्रतिवादीला समन्स मिळाले तेव्हा? १६ जून हे उत्तर असेल तर लिपिकाचा दावा मुदतीत आहे. ३० जून असेल तर चिठ्ठी खरी, साक्षीदार खरे, देणेही खरे, आणि तरीही दावा फेटाळला जाणार.

मुदतीचा कठोर नियम

आपल्याकडे मुदतीचा पहिला सर्वसाधारण कायदा १८५९ साली झाला. त्यानंतर १८७१, १८७७ आणि १९०८ साली नवे कायदे आले, आणि आज लागू असलेला १९६३ चा मुदत अधिनियम १ जानेवारी १९६४ पासून अमलात आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाची भाषा निःसंदिग्ध आहे. मुदत संपल्यावर आणलेला दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, मग प्रतिवादीने तो मुद्दा काढलेला असो वा नसो. म्हणजे प्रतिपक्षाच्या औदार्याचाही येथे उपयोग नाही.

दुसरी गोष्ट याहून अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे. विलंब माफ करून घेण्याचा अर्ज हा शब्दप्रयोग आपल्या कानांवर वारंवार पडतो, त्यामुळे उशीर झाला तरी सबळ कारण दाखवले की भागते, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु ही सवलत अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्यांना नाही. खाजगी शाळेतील शिक्षकास सेवेतून काढून टाकले, तर १९७७ च्या कायद्याप्रमाणे तो तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो, आणि पुरेसे कारण असेल तर न्यायाधिकरण त्याचा विलंब माफ करू शकते. त्याच शिक्षकाने उसने दिलेल्या पैशाचा दावा मात्र एका दिवसाने उशिरा आणला, तर आजारपण, प्रवास, घरातील मृत्यू यांपैकी कोणतेही कारण न्यायाधीशाला तो एक दिवस माफ करण्याचा अधिकार देत नाही.

या कठोरपणामागे विचार आहे. काळ लोटला की साक्षीदार मरतात, कागद गहाळ होतात, स्मृती धूसर होते. वीस वर्षांपूर्वीच्या व्यवहारावरून कोणालाही केव्हाही न्यायालयात खेचता येऊ लागले, तर समाजात कोणालाच स्वस्थपणे झोप लागणार नाही. म्हणून पैशाच्या व कराराच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षे, मालकीच्या आधारे स्थावराचा ताबा मागण्यास बारा वर्षे, अब्रुनुकसानीच्या भरपाईला एकच वर्ष, अशा मर्यादा विधिमंडळाने घालून दिल्या. पैशाच्या बाबतीत मुदत संपली तरी देणे नाहीसे होत नाही, केवळ वसुलीचा मार्ग बंद होतो. स्थावराच्या ताब्याचा दावा मुदतीत न आणल्यास मात्र त्या मालमत्तेवरील हक्कच संपुष्टात येतो. वडिलोपार्जित जमिनीचा प्रश्न ‘घरातल्या घरात मिटेल’ म्हणून वर्षानुवर्षे तसाच ठेवणाऱ्या कुटुंबांनी हा भेद विसरता कामा नये.

मुदतीची शेवटची सीमा एवढी कडक असल्यामुळेच, ती ओलांडली की नाही हे ज्या क्षणावरून ठरवावयाचे, तो क्षण तितकाच स्पष्ट असला पाहिजे.

सुरुवात म्हणजे नेमके काय?

कायद्याने याचे उत्तर दिले आहे, आणि ते वादीच्या बाजूचे आहे. मुदत अधिनियमाचे तिसरे कलम सांगते की, सामान्यतः योग्य अधिकाऱ्याकडे वादपत्र सादर केले जाते तेव्हा दावा सुरू होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतील चौथ्या आदेशाचा पहिला नियम हेच म्हणतो. न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे वादपत्र देऊन दावा दाखल होतो. त्यापुढचा दुसरा नियम दाव्यांच्या नोंदवहीसंबंधी आहे. वादपत्र सादर करणे आणि त्याची नोंद होऊन नंबर पडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे यावरून उघड होते. पहिली क्रिया नागरिकाची आहे, दुसरी कचेरीची. मुदत मोजावयाची ती नागरिकाच्या क्रियेवरून. आपल्या लिपिकाचा दावा म्हणूनच १६ जूनचा ठरतो.

आज कोणत्याही दाव्याची स्थिती न्यायालयांच्या संकेतस्थळावर पाहता येते. तेथे दाखल केल्याचा क्रमांक व तारीख आणि नोंदणीचा क्रमांक व तारीख, अशा दोन जोड्या शेजारी शेजारी दिसतात. अनेक पक्षकार दुसऱ्या जोडीकडे पाहून धास्तावतात. मुदतीच्या हिशेबात पहिली तारीख महत्त्वाची, हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही.

कायद्याने काही विशेष प्रसंगही ध्यानात घेतले आहेत. ज्याच्यापाशी कोर्ट फी भरण्याचे साधन नाही, असा निर्धन माणूस फीशिवाय दावा चालवण्याची परवानगी मागतो, तेव्हा त्याचा दावा परवानगीच्या अर्जाच्या दिवशीच सुरू झाला असे धरले जाते. परवानगी नाकारली गेली तरी न्यायालय त्याला फी भरण्यास मुदत देऊ शकते, आणि ती भरली की तारीख मूळ अर्जाचीच राहते. ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली. दिवाळखोरीत निघून गुंडाळल्या जाणाऱ्या कंपनीवरील येणे असेल, तर न्यायालयीन परिसमापकाकडे मागणी प्रथम पाठवली तो दिवस धरतात. प्रतिवादीने उलट दावा केला, तर तो ज्या दिवशी न्यायालयात मांडला त्या दिवसाचा मानतात. दाव्यात मागाहून नवा प्रतिवादी जोडला, तर त्याच्यापुरता दावा तो जोडला गेला त्या दिवशी सुरू होतो. त्याला आधी वगळणे ही प्रामाणिक चूक होती, असे न्यायालयाला पटले तरच ती तारीख मागे नेता येते. जमिनीच्या दाव्यात एखादा वारस सुटला, तर त्याचे नाव नंतर घालू, असे म्हणणाऱ्यांनी हा धोका ओळखावा.

या सर्व तरतुदींमागे एकच सूत्र दिसते. नागरिकाने आपल्या हातात होते तेवढे केले की त्याच्यापुरते घड्याळ थांबले पाहिजे. त्यापुढचा विलंब ज्याच्या हातून होईल, त्याचा भार वादीच्या शिरावर येऊ नये.

ओक्लाहोमातील सुतार

हे सूत्र आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की, याहून निराळा नियम असू शकेल, अशी कल्पनाही येत नाही. पण जगात तो आहे, आणि त्याची किंमत काय पडते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील एका जुन्या निकालाकडे वळू.

२२ ऑगस्ट १९७५ रोजी ओक्लाहोमा शहरात एक सुतार सिमेंटच्या भिंतीत खिळा ठोकत होता. खिळ्याचे डोके फुटून त्याच्या उजव्या डोळ्यात गेले आणि डोळ्याला कायमची इजा झाली. खिळा सदोष होता, असे त्याचे म्हणणे. त्या राज्यात अशा दाव्याला दोन वर्षांची मुदत होती. सुताराने १९ ऑगस्ट १९७७ रोजी, म्हणजे मुदत संपण्यास तीन दिवस शिल्लक असताना, तेथील केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला. समन्स त्याच दिवशी निघाले. मात्र ते कंपनीवर बजावले गेले १ डिसेंबरला. मधल्या काळात ते वकिलाच्या कपाटात एका बिननावाच्या फोल्डरमध्ये पडून होते.

केंद्रीय न्यायालयांचा नियम आपल्यासारखाच होता. फिर्याद दाखल झाली की दावा सुरू. परंतु ओक्लाहोमा राज्याच्या कायद्याप्रमाणे समन्स बजावले गेल्याशिवाय दावा सुरू झाला असे मानत नसत. दाखल केल्यापासून साठ दिवसांत समन्स बजावले गेले, तरच दाखल करण्याची तारीख धरली जाई. ‘वॉकर विरुद्ध आर्मको स्टील’ या प्रकरणात १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, राज्याच्या कायद्यावर आधारलेल्या हक्काला मुदतीच्या बाबतीत राज्याचाच नियम लागू होतो. दावा मुदतबाह्य ठरला. खिळा सदोष होता की नाही, या प्रश्नापर्यंत न्यायालय पोहोचलेच नाही.

ओक्लाहोमाच्या नियमाच्या बाजूनेही बोलता येते. मुदतीचा कायदा प्रतिवादीच्या मनःशांतीसाठी आहे, मग आपल्यावर दावा झाला आहे हे त्याला कळलेच नाही, तर त्या शांतीला अर्थ काय? युक्तिवाद निर्बुद्ध नाही. तथापि समन्स पोहोचणे हे वादीच्या हातात फारच थोडे असते. पत्ता बदलणारा, दार न उघडणारा, बेलीफ आला की परगावी जाणारा प्रतिवादी आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? ज्याने देणे चुकवले, त्यालाच घड्याळाच्या किल्लीचा ताबा देणे हे न्यायाचे होणार नाही. इंग्लंडनेही मधला मार्ग काढला आहे. तेथे न्यायालयाने दाव्याचा नमुना जारी केला की कारवाई सुरू होते, पण तो नमुना कचेरीत त्याआधी पोहोचला असेल, तर मुदतीसाठी ती आधीची तारीख मानतात.

आपल्या कायद्याने प्रतिवादीलाही वाऱ्यावर सोडलेले नाही. केवळ घड्याळ थांबवण्यासाठी एखादे वादपत्र टाकून वर्षभर गप्प बसावे, असे कोणाला करता येत नाही. समन्स बजावण्यासंबंधीची आवश्यक पावले वादीने दावा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत उचलावयाची असतात. समन्स बजावणीविना परत आले आणि वादीने सात दिवसांत नवे समन्स मागितले नाही, तर दावा काढून टाकता येतो. वादपत्रातून दाव्याचे कारणच दिसत नसेल, तर ते नाकारता येते. नाकारल्यावर नवे वादपत्र आणता येते खरे, पण ते मुदतीत असेल तरच. दरवाजा सताड उघडा आहे, पण आत येऊन झोपण्याची मुभा नाही, अशी ही योजना आहे.

खिडकीवरची अडचण

कायद्याचे तत्त्व चांगले असले तरी नागरिकाची गाठ पडते ती खिडकीपलीकडच्या व्यवस्थेशी. वादपत्र पुढे सरकवले की आक्षेपांची यादी सुरू होते. समास कमी सोडला, प्रतिज्ञापत्र जोडले नाही, पत्त्यांचा कागद नाही, प्रती अपुऱ्या आहेत. कित्येकदा हे आक्षेप तोंडी सांगितले जातात आणि कागद तसेच परत दिले जातात. मुदत संपण्यास सहा महिने बाकी असतील, तर यात फारसे काही बिघडत नाही. अखेरच्या दिवशी मात्र वादपत्र सादर केले होते, याचा पुरावाच मागे राहत नाही.

१९९९ च्या दुरुस्तीने या प्रश्नात आणखी भर घातली. १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने चौथ्या आदेशात असे एक पोटकलम घातले की, वादपत्र विहित अटींप्रमाणे नसेल, तर दावा रीतसर दाखल झाला असे मानले जाणार नाही. याचा शब्दशः अर्थ लावला असता, तर प्रतिज्ञापत्रातील एखादी उणीव मुदत बुडवण्यास पुरेशी ठरली असती. सुदैवाने कलकत्त्याहून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हा धोका टाळला. या अटी कार्यपद्धतीच्या आहेत, त्यांतील उणिवा मागाहून भरून काढता येतात आणि तेवढ्यावरून दावा मुळातच अस्तित्वात आला नाही असे होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कार्यपद्धती ही न्यायाची दासी, धनीण नव्हे, या जुन्या तत्त्वाला धरूनच हे झाले.

कमी पडलेल्या कोर्ट फीचेही असेच. संहितेच्या १४९ व्या कलमानुसार न्यायालय ती भरण्यास वेळ देऊ शकते, आणि ती भरली गेली की प्रारंभीच भरली होती, असे समजतात. मात्र ही सवलत न्यायालयाच्या विवेकाधीन आहे, मागितली की मिळालीच, असे नव्हे. ठरवून दिलेल्या वेळेत फी भरली नाही, तर वादपत्र नाकारले जाते.

चुकीच्या न्यायालयात दावा दाखल होणे ही याहून मोठी अडचण. तेथून वादपत्र परत मिळाल्यावर ते योग्य न्यायालयात दाखल केले, तर कायद्याच्या दृष्टीने तो नवा दावा असतो आणि त्याची तारीखही नवी. वादीने आपले काम सद्भावाने व तत्परतेने चालवले असेल, तर चुकीच्या न्यायालयात गेलेला काळ चौदाव्या कलमान्वये वगळता येतो. परंतु तत्परता सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच पडते.

दरवाजाच बंद असेल तर काय होते, याचा अनुभव सबंध देशाने करोनाच्या साथीत घेतला. न्यायालयापर्यंत पोहोचणेच अशक्य झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेतली आणि विशेषाधिकार वापरून मुदती वाढवल्या. पुढे जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळण्यात आला. नागरिकाचा दोष नसताना त्याचे घड्याळ चालू ठेवणे हा अन्याय आहे, याची ती मोठी कबुली होती. साथीत बंद झालेले दार सर्वांना दिसले. एखाद्या तालुक्याच्या न्यायालयात सायंकाळी परत केलेले वादपत्र कोणालाच दिसत नाही. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे.

जे दावा नव्हे

नागरिकांच्या बाजूनेही काही गैरसमज आहेत, आणि ते दूर केल्याशिवाय केवळ कचेरीला दोष देणे योग्य होणार नाही. पहिला गैरसमज नोटिशीचा. वकिलांची नोटीस म्हणजे दावा नव्हे. ती पाठवल्याने मुदत थांबत नाही, आणि तिचे उत्तर येईपर्यंत वाट पाहिल्याने ती वाढतही नाही. अपवाद आहे तो जेथे कायद्यानेच नोटीस सक्तीची केली आहे तेथे. सरकारवर दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून तो नोटिशीचा काळ मोजणीतून वगळला जातो. तीन लाख रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या व्यापारी वादात तातडीचा दिलासा मागावयाचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तो अनिवार्य ठरवला. मध्यस्थीत गेलेला काळही मुदतीत धरत नाहीत. पण मध्यस्थीचा अर्ज हा स्वतः दावा होत नाही.

पोलीस ठाण्यातील तक्रार, तहसीलदारांकडील अर्ज, न वटलेल्या धनादेशाची फौजदारी फिर्याद, समाजातील प्रतिष्ठितांपुढे झालेली बैठक, यांपैकी कशानेही पैशाच्या दिवाणी दाव्याचे घड्याळ थांबत नाही. घड्याळ नव्याने सुरू होते ते देणेकऱ्याने मुदत शिल्लक असताना देणे लेखी मान्य करून सही केली, किंवा काही रक्कम परत करून तशी लेखी नोंद आपल्या हस्ताक्षरात वा सहीनिशी ठेवली, तर. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ हे तोंडी आश्वासन कितीही जिव्हाळ्याने दिलेले असले, तरी कायद्याच्या वहीत त्याची नोंद होत नाही. भिडेखातर सही मागण्याचे टाळणारा माणूस नंतर तीन वर्षे झाल्यावर न्यायाधीशापुढे त्या जिव्हाळ्याचे पुरावे शोधत बसतो.

न्यायालय बंद असल्याच्या सवलतीवरही फार विसंबू नये. उन्हाळ्याच्या सुटीत मुदत संपली, तर न्यायालय उघडण्याचा पहिला दिवस हाच अखेरचा दिवस. दुसरा दिवस मिळत नाही. न्यायाधीशाने मनात आणल्यास तो कामकाजाच्या वेळेनंतरही वादपत्र स्वीकारू शकतो, पण तसे करण्यास तो बांधलेला नाही. जो हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो, त्याच्या भरवशावर घरातून उशिरा निघणे शहाणपणाचे नाही.

एक पोचपावती

मग करावयाचे काय? मुदतीच्या कायद्यात मोठ्या दुरुस्तीची गरज नाही. जे तत्त्व कायद्यात आहे, तेच खिडकीवर दिसले पाहिजे, एवढीच मागणी आहे. वादपत्र पुढे केले की त्या क्षणी तारीख व वेळ असलेली पोच पक्षकाराच्या हाती पडली पाहिजे, मग ते वादपत्र सदोष का असेना. दोष दाखवावयाचे ते लेखी, एकाच वेळी, आणि ते दूर करण्याची तारीख घालून. दुरुस्त होऊन आलेल्या वादपत्रावर मूळ सादरीकरणाची तारीख कायम राहिली पाहिजे. दाव्याचे कागद संगणकाद्वारे पाठवण्याची सोय झाली आहे, तेथेही हाच दंडक हवा. कागद यंत्रणेकडे पोहोचले ती तारीख खरी, कचेरीने ते तपासून पुढे सरकवले ती नव्हे. यंत्रणा बिघडली असेल, तर त्या बिघाडाचीही नोंद पक्षकाराला मिळावी, म्हणजे पुढे न्यायाधीशापुढे ती ठेवता येईल.

यात खर्च नाही म्हटले तरी चालेल. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या न्यायालयीन कर्मचाऱ्यांवर यामुळे नवा भार पडेल, हा आक्षेपही टिकणारा नाही. एका पोचेने टळलेला मुदतीचा वाद म्हणजे पुढे त्याच मुद्द्यावर अपिलापर्यंत जाणारी कित्येक वर्षे टळली, असा हिशेब आहे. शिवाय लिपिकालाही त्याचे संरक्षणच मिळेल. ‘आम्ही आणून दिले होते, यांनी घेतले नाही’ या आरोपाला मग जागा उरत नाही.

नागरिकांनीही आपल्या बाजूची शिस्त पाळली पाहिजे. व्यवहार झाला त्या दिवशीच तीन वर्षे, बारा वर्षे वा एक वर्ष, जी लागू असेल ती मुदत वहीत लिहून ठेवावी. मुदत संपण्याच्या निदान सहा महिने आधी वकिलांकडे जावे. वकीलपत्रावर सही केली की काम झाले असे न समजता दावा दाखल झाला का, कोणत्या तारखेला, आणि त्याची पोच कोठे आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. ते विचारणे म्हणजे वकिलांवर अविश्वास दाखवणे नव्हे. कपाटातील फोल्डरमध्ये पडून राहिलेल्या त्या समन्सची चौकशी वेळेत झाली असती, तर ओक्लाहोमातील सुताराला निदान आपले म्हणणे मांडता आले असते.

कोर्टाची पायरी चढू नये, हा उपदेश ज्यांनी केला त्यांचा अनुभव खोटा नव्हता. परंतु ज्याचे पैसे बुडाले आहेत, ज्याचे घर दुसऱ्याच्या ताब्यात आहे, त्याच्यापुढे दुसरी पायरी नसते. तो ती चढून आला, तर त्याचे म्हणणे खरे ठरो वा खोटे, तो कोणत्या दिवशी आला याविषयी तरी वाद राहू नये.